बसून तर असतेस!

बाळंतपणातल्या काही दुखण्यांना घरात मान असतो. कळांना तर असतोच. माझ्या कळा किती तास चालल्या हे सासूबाई अजूनही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात आणि दर वेळी त्यात एखादा तास वाढतो. टाक्यांना मान असतो. सिझर झालं असेल तर विचारूच नका, "तिचं पोट फाडलंय" म्हटलं की समोरच्याचं तोंड बंद. छातीत दूध साठून गाठी झाल्या तर शेजारणी कोबीची पानं घेऊन हजर होतात. माकडहाडाच्या वाट्याला यातलं काही येत नाही. ते दुखतंय हे चारचौघांत सांगायचं कसं, इथूनच अडतं.

माझं नॉर्मल झालं. म्हणजे जोर लावून लावून मी थकले, बाळाचं डोकं खाली येऊन अडकलं आणि शेवटी व्हॅक्यूम लावून त्याला बाहेर घेतलं. लोकांच्या लेखी हे सगळं नॉर्मलमध्येच मोडतं. सुरुवातीला टाक्यांच्या दुखण्यात हे दुसरं दुखणं लपून गेलं. खालचा सगळाच भाग ठणकत असताना त्यातलं कुठलं कशाचं, हे कोण निवडत बसणार? टाके विरघळले, जखम भरली, कोमट पाण्याच्या टबात बसणं थांबलं आणि मग कळलं की एक जागा अजून तशीच आहे. दोन्ही कुल्ल्यांच्या मधोमध, कण्याचं अगदी शेवटचं टोक. बोटाच्या पेराएवढी जागा असेल. बसल्यावर ती दुखायचीच, पण खरी कळ यायची ती बसलेलं उठताना. डोळ्यांत पाणी यायचं आणि तोंडातून "आई गं" निघायचं, मग स्वयंपाकघरातून आईच "काय झालं?" म्हणून धावत यायची.

या हाडात असतं काय, तर तीन ते पाच छोटे मणके, बहुतेकांत चार, एकमेकांना जोडलेले. बसलेल्या माणसाचा भार तीन ठिकाणी पेलला जातो: बैठकीची दोन हाडं आणि मागे हे तिसरं. पुढे झुकलं की भार पहिल्या दोघांवर जातो, मागे रेललं की माकडहाडावर. शिवाय ओटीपोटाच्या तळाचे स्नायू, कुल्ल्याचा मोठा स्नायू, गुदद्वाराजवळचे बंध असे बरेच धागे येऊन या एवढ्याशा टोकाला चिकटलेले असतात. बाळाचं डोकं बाहेर येताना हे हाड मागे सरकून वाट देतं. गरोदरपणातल्या संप्रेरकांनी सांधे सैल झालेले असतात, त्यामुळे ते सरकतंही. पण बाई टेबलावर उताणी असेल तर मागे सरकायला जागा उरत नाही. त्यात जोर लावण्याची वेळ लांबली, बाळ मोठं असलं, चिमटा किंवा व्हॅक्यूम लावावा लागला, तर तिथला सांधा ताणला जातो, कधी निखळतो, क्वचित हाड मोडतंही. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये हे दुखणं साधारण पाचपट आढळतं. कारणं फक्त बाळंतपणाची नसतात, जिन्यावरून आपटूनही होतं, पण आमच्या पलटणीत बाळंतिणी बऱ्याच.

दुखणं नवं नाही. एडिनबरोचे प्रसूतितज्ज्ञ जेम्स यंग सिम्प्सन यांनी १८५९ साली त्याला वैद्यकात नाव दिलं. हे तेच सिम्प्सन, ज्यांनी १८४७ मध्ये प्रसूतीच्या वेदना कमी करण्यासाठी क्लोरोफॉर्म वापरला. कळांसाठीचं त्यांचं काम जगभर गाजलं, त्यावर धर्ममार्तंडांचे वादही झाले. बाळंतपणानंतर बसता न येणाऱ्या बायकांबद्दल त्यांनी जे लिहिलं त्यावर वादसुद्धा झाला नाही. दुखण्यांच्या मानापमानाचा मामला तेव्हाही असाच होता म्हणायचा.

आता सांगण्याची अडचण. बाळंतीण माहेरी असते. घरात वडील असतात, काका असतात, बाळाला बघायला आलेले मामेसासरे असतात. "काय होतंय गं?" असं कुणी विचारलं तर कुठल्या तोंडाने सांगायचं? मग सगळ्या बायका सांगतात तेच मीही सांगितलं: कंबर दुखते. कंबर सभ्य आहे. कंबरेवर हात ठेवून चारचौघांत उभं राहता येतं. आणि कंबर सांगितली की उपचारही कंबरेचेच होतात. मला पट्टा बांधला. कॅल्शियमच्या गोळ्या आणल्या. डिंकाच्या लाडवांचा खुराक वाढला. शेगडीवरचा शेक कंबरेला मिळाला, चार बोटं वर. तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरही कामात होत्या. "बाळंतपणानंतर कंबर दुखतेच, बाळाला घेताना वाकू नका," एवढं सांगून त्यांनी पुढच्या पेशंटला बोलावलं. त्यात खोटं काहीच नव्हतं.

नेमकी जागा ओळखली ती मालीशवाल्या मावशींनी. त्यांना मी काही सांगितलंच नव्हतं. पालथं झोपवून पाठीवरून तेलाचा हात खाली नेताना त्या थबकल्या, अंगठा टेकवला, मी किंचाळले. "माकडहाड धरलंय ताई तुमचं," त्या म्हणाल्या, आणि आमच्याच आळीतल्या आणखी दोघींची नावं घेऊन त्यांचंही धरलं होतं म्हणाल्या. त्यातली एक माझ्याबरोबर शाळेत होती. आम्ही फोनवर तासतासभर बोलतो, नवरे, सासवा, पगार, सगळं. हे कधी बोललो नव्हतो. मावशींकडे उपायही होता, अंगठ्याने दाबून "बसवून देते" म्हणाल्या. त्याला मी नको म्हटलं आणि अजूनही नकोच म्हणेन. निखळलेल्या किंवा मोडलेल्या जागी असा दाब देणं धोक्याचं आहे. पण निदानाचे गुण मात्र मावशींनाच द्यावे लागतील. त्या दिवसापर्यंत मला हात लावून पाहणाऱ्या त्या एकट्याच होत्या.

माझा सगळ्यात मोठा झगडा दुखण्याशी नव्हताच, एका समजुतीशी होता. आपल्याकडे बसणं म्हणजे आराम. घरी कोणी आलं की आपण पहिल्यांदा "बसा" म्हणतो. उभं राहणारा माणूस घाईत असतो किंवा रुसलेला तरी. सव्वा महिना बाळंतिणीने काम करायचं नाही, बसून राहायचं, ही किती प्रेमाची रीत आहे! आणि मला नेमकं तेच जमत नव्हतं. मी पाजायला बसायचे तेव्हा घरातल्यांच्या लेखी माझा आराम चालू असायचा. नवजात बाळ दिवसरात्रीत आठ-दहा-बारा वेळा पितं, एकेका वेळी अर्धा तास सहज जातो. हिशेब केला तर बाळंतीण दिवसरात्रीत चार ते सहा तास नुसती पाजायलाच बसलेली असते, तीही पलंगावर, उशांना रेलून, म्हणजे भार बरोब्बर माकडहाडावर. एकदा मी म्हटलं, फार थकायला होतं. एक आत्या सहज म्हणाल्या, "अगं, बसून तर असतेस!" त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. त्यांनी स्वतः बाळंतपणानंतर विसाव्या दिवशी भाकरी थापायला घेतली होती.

कुशीवर झोपून पाजलं तर माकडहाडाला पूर्ण सुट्टी मिळते. पण झोपून पाजायचं म्हटलं की घरात गहजब. "बाळाच्या कानात दूध जातं, कान फुटतो." शेवटी बाळाच्या डॉक्टरांकडून आईसमोरच वदवून घेतलं की बाळ कुशीवर, आपल्याकडे तोंड करून, नाक मोकळं राहील असं ठेवलं आणि पाजताना आपण जाग्या असलो तर चालतं. डॉक्टर बोलल्यावर आईने मान डोलावली. घरी आल्यावर दार मात्र लोटून घ्यायची, शेजारच्या आजींना दिसू नये म्हणून.

पाण्याचंही तसंच. बाळंतिणीने पाणी कमी प्यावं, नाही तर पोट सुटतं, ही समजूत आमच्याकडे पक्की. जेवणात तूप, लाडू, सुकं खोबरं, भाकरी-मेथी, आणि पाणी मोजून, तेही उकळलेलं कोमट. दूध येणाऱ्या बाईला मुळात पाणी जास्त लागतं. ते मिळालं नाही की शौचाला घट्ट होतं, घट्ट झालं की कुंथावं लागतं आणि कुंथलं की ज्या स्नायूंनी माकडहाडाला धरलंय तेच स्नायू त्याला ओढतात. मी रात्री गुपचूप बाटली भरून उशाशी ठेवायला लागले आणि झोपताना इसबगोल घ्यायला लागले. आठवड्याभरातच शौचानंतरची ती तासभर राहणारी ठणक कमी झाली. कमोडवर बसताना पायाखाली बुटका पाट घेतला की आणखी सोपं जातं. उकिडवं बसायला मला त्रास नव्हता, कारण तिथे हाड कशावर टेकतच नाही. उठताना मात्र नळाला धरावं लागायचं.

मावशींचं येणं थांबलं तेव्हा बाळाची आंघोळ माझ्याकडे आली. आपल्याकडची पद्धत सगळ्यांना माहीत आहे: मोरीत पाटावर बसायचं, पाय लांब करायचे आणि पोटऱ्यांवर बाळाला पालथं घालायचं. बघायला सुरेख दिसतं. पण पाय लांब केले की कटिभाग मागे कलतो आणि सगळं वजन पाटाच्या लाकडावर, हाडाच्या टोकावर. एकदा केलं, परत नाही केलं. पुढे सासरी, डोंबिवलीला, ओट्याशेजारच्या टेबलावर प्लॅस्टिकचा टब ठेवून उभ्याने आंघोळ घालायला लागले. सासूबाई म्हणाल्या, "भांडी विसळल्यासारखं काय करतेस?" पण दोनच दिवसांत त्यांनाही ते सोयीचं वाटायला लागलं, त्यांचे गुडघे दुखतात.

उशीची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण त्यात पैसे वाया जातात. पहिल्यांदा मेडिकलमधून फुगवायची गोल चकती आणली. काउंटरवरच्या मुलाने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "मूळव्याधीसाठी का?" आणि मी हो म्हणून टाकलं, तेवढंच लवकर सुटले. त्या चकतीचा मला काही उपयोग झाला नाही. मधलं भोक असतं पुढे, माकडहाड येतं मागच्या कडेवर, म्हणजे दाब उलट तिथेच. उपयोगी पडते ती मागच्या बाजूला खाच कापलेली, जरा उतरती, घट्ट फोमची उशी. खाच मागे ठेवून बसायचं, म्हणजे भार बैठकीच्या हाडांवर जातो आणि टोक अधांतरी राहतं. फार मऊ फोम नको, तो दबला की पुन्हा तेच. याच कारणाने सोफा माझा सगळ्यात मोठा शत्रू ठरला. मऊ सोफ्यात माणूस रुततो आणि मागे कलतो. लाकडी खुर्चीवर किंचित पुढे झुकून, कोपर टेबलावर टेकवून बसलेलं बरं. उठतानाही आधी धड पुढे न्यायचं आणि मग पायांवर उठायचं. थेट वर उठलं की कळ आलीच. ही उशी मी खादीच्या पिशवीत घालून लग्नांना नेली, नाटकाला नेली. एका लग्नात ती खुर्चीवर ठेवली तर कुणीतरी जागा धरायला ठेवलीय समजून बाजूला काढून ठेवली. गंमत म्हणजे त्यानंतर तीन बायका हळूच येऊन विचारून गेल्या, कुठून घेतलीस.

लोकलमध्ये उशी चालत नाही. बाळाला घेऊन लेडीज डब्यात चढले की बायका लगेच उठतात, डोंबिवलीच्या गर्दीतसुद्धा. मी म्हणायचे, "नको, मी उभी राहते." एकदा उठलेली बाई मला जागा देऊन, मी न बसल्यामुळे स्वतःही न बसता, घाटकोपरपर्यंत माझ्याकडे रागाने बघत राहिली. तिचं बरोबरच होतं. तिला काय सांगणार, बसणं हाच माझा त्रास आहे? रिक्षाचं गणित वेगळं. गतिरोधक दिसला की दोन्ही तळवे सीटवर दाबून अंग उचलून धरायचं. नवरा सोबत असला तर तो रिक्षावाल्याला आधीच सांगायचा, "दादा, खड्डे जरा बघून," आणि रिक्षावाला आरशातून बाळाकडे बघून सावकाश चालवायचा. बाळाला कशाचंच काही नव्हतं.

बाळ रांगायला लागलं तरी दुखणं हलेना, तेव्हा हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. या वेळी नवऱ्याने आधीच बजावलं होतं की कंबर म्हणायचं नाही. आडवं झोपवून काढलेला एक्स-रे नॉर्मल आला. तो तसा येतोच बऱ्याचदा. पॅरिसचे डॉक्टर झाँ-इव्ह मेन्य यांनी १९९०च्या दशकात एक साधा विचार मांडला: दुखतं बसल्यावर, मग फोटो झोपवून का काढायचा? एक फोटो उभ्याने, एक दुखेल असं बसवून काढायचा आणि दोन्ही ताडून बघायचे. बसल्यावर माकडहाड थोडं वाकतंच, पण साधारण २५ अंशांहून जास्त वाकलं किंवा मणका जागेवरून सरकला तर कारण तिथे असतं. माझ्या डॉक्टरांनी तसे फोटो काढले. माझं हाड जागेवर होतं, पण गरजेपेक्षा जास्त हलत होतं. त्या अहवालाचा मला झालेला आनंद नवऱ्याला कळेना. "काहीतरी निघालंय आणि तू हसतेस?" पण काहीतरी निघालं हेच तर महत्त्वाचं होतं!

औषधं फार नव्हती. अंगावर पाजत असल्याने डॉक्टरांनी विचारपूर्वक लिहून दिलेल्या थोड्या गोळ्या, तेवढंच. बहुतेकांना असे साधे उपाय पुरतात. नाहीच भागलं तर त्या जागी इंजेक्शन देतात, आणि हाड काढून टाकण्याची शस्त्रक्रियाही आहे, पण ती अगदी थोड्यांवर. मला खरा फरक पडला फिजिओथेरपीने. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्ट असतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. मी अभिमानाने सांगितलं की रोज केगलचे, म्हणजे हे स्नायू आवळून धरण्याचे, व्यायाम करते. त्या म्हणाल्या, "आधी ते बंद करा." दुखरी जागा वाचवायला मी त्या स्नायूंची झोळी महिनोन्महिने आवळून धरली होती, आणि वर व्यायाम म्हणून आणखी आवळत होते. आवळायला सगळे सांगतात, सोडायला कोणी शिकवत नाही. त्यांनी शिकवलं: पोटात खोल श्वास घ्यायचा आणि श्वासाबरोबर खालचे स्नायू सैल पडू द्यायचे. मग मार्जारासन, बालासन, पाठीवर पडून गुडघे छातीशी घेणं. काही वेळा गुदद्वारातून बोटाने तपासून आतले आखडलेले स्नायू मोकळे केले, आधी नीट समजावून, परवानगी विचारून. ऐकायला भयंकर वाटतं. लेबर रूममधून आलेल्या बाईला त्याचं विशेष काही वाटत नाही, खरं सांगायचं तर.

ताप येणं, पायांत बधिरपणा, लघवी-शौचावरचा ताबा जाणं, त्या जागी गाठ किंवा पू दिसणं, यांतलं काही असेल तर उशी-बिशी करत न बसता लगेच डॉक्टर गाठायचे. माझं तसं नव्हतं, पण हेही मला तपासणीत कुणीतरी विचारायला हवं होतं.

आपली सगळी मोजमापं सव्वा महिन्यात संपतात. आजीचा सव्वा महिना आणि डॉक्टरांचे सहा आठवडे, दोन्ही जवळपास एकाच ठिकाणी येऊन थांबतात. आमच्या गावाकडे आशाताई घरी येतात. दवाखान्यात बाळंतपण झालेलं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी. बाळाचं वजन करतात, ताप बघतात, आईला रक्तस्राव, ताप, दूध याबद्दल विचारतात. मोलाचं काम आहे, त्याने बाळं वाचतात. पण बेचाळिसाव्या दिवसानंतर आईची चौकशी करणारं कोणी उरत नाही. २०२३च्या डिसेंबरात लॅन्सेट ग्लोबल हेल्थ या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला. दरवर्षी जगात किमान ४ कोटी बायकांना बाळंतपणामुळे होणारा, महिनोन्महिने किंवा वर्षानुवर्षे रेंगाळणारा एखादा त्रास होण्याची शक्यता असते, असं त्यात म्हटलं होतं. बाळंत झालेल्या बायकांपैकी जवळपास एक तृतीयांश जणींची पाठ-कंबर दुखते, असंही. हे बहुतेक त्रास तेव्हा समोर येतात जेव्हा बाईच्या तपासण्या संपलेल्या असतात. मी ते वाचलं आणि पहिला विचार आला की या कंबरवाल्यांपैकी किती जणी माझ्यासारख्या सभ्यपणाने कंबर म्हणाल्या असतील.

मला खर्चिक काही सुचवायचं नाही. लसीकरणाला बाळाला घेऊन आई दीड महिन्याने येते, अडीच महिन्यांनी येते, साडेतीन महिन्यांनी येते, नवव्या महिन्यातही येते. बाळाला सुई टोचेपर्यंत ती समोरच्या बाकड्यावर बसलेली असते, किंवा एका कुल्ल्यावर भार देऊन कशीबशी टेकलेली असते, किंवा सगळ्या खुर्च्या रिकाम्या असून उभी असते. तेवढ्या वेळात तिला "बसता येतं का?" एवढं विचारायला कुठलं यंत्र लागत नाही.

सहा महिन्यांची रजा संपवून ऑफिसात गेले तेव्हा पुन्हा पहिल्या पायरीवर आले होते. मॅनेजरना फक्त पाठीचा त्रास सांगितला, हो, पुन्हा तेच, पण तिथे नाइलाज होता. संगणकाखाली दोन खोकी ठेवून उभ्याने काम करायला लागले. काहींना वाटलं नवं फॅड आहे. पुढे एकाने स्वतःच्या टेबलावरही खोकी चढवली, त्याला स्लिप डिस्क होती.

आता मुलगा बालवाडीत जातो. दुखणं पूर्ण गेलंय असं म्हणणार नाही. पाळी यायच्या आधी दोन दिवस ते आठवण करून देतं, लांबच्या बस प्रवासात हमखास येतं, आणि पालकसभेतल्या त्या बुटक्या रंगीत खुर्च्यांवर बसवलं की अर्ध्या तासात मी काहीतरी निमित्त काढून उठते. बाकी दिवस कसलाच त्रास नसतो. परवा नागपूरला जायचंय, नणंदेच्या मुलीच्या बारशाला. रेल्वेत लोअर बर्थ मिळालाय, त्यामुळे रात्र आडवं पडून निघेल, उशी पिशवीत भरून झालीय. नणंदेसाठी दुसरी एक मागवली होती, पण तिचं सिझर झालंय. मागवताना दुकानदाराला विचारलंय, तिला नको असेल तर परत घेतो म्हणालाय.